शुक्रवारी भरलेली अर्धी शाळा

उस्तानीमाँचा चेहरा पाहण्याच्या कितीतरी आधीपासून मी त्यांचा आवाज ओळखत होते. कळमनुरीत आमची मराठी मुलींची शाळा एका जुन्या सरकीच्या गोदामात भरायची, आणि त्या गोदामाची मागची भिंत हीच पलीकडच्या उर्दू मुलींच्या शाळेचीही मागची भिंत होती. भिंत मातीची, वर छपराशी हातभर मोकळी. इकडे आम्ही पावकी-निमकीचे पाढे म्हणायला लागलो की तिकडून अलिफ-बेचा गजर सुरू व्हायचा. मग दोन्हीकडच्या पोरी एकमेकींवर मात करण्यासाठी बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. गोंधळ फार वाढला की पलीकडून एक शांत, जाडसर आवाज यायचा, "बस, बस. आधी त्यांचं ऐका. मग तुमचं म्हणा." पलीकडच्या पोरी गप्प व्हायच्या आणि नवल म्हणजे आम्हीही गप्प व्हायचो. तो आवाज पलीकडच्या शाळेच्या शिक्षिकेचा, जैनबबी उस्तानीमाँचा होता.

त्यांना आता पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'कार्य आणि व्यक्तिमत्त्व' या मथळ्याखाली लिहावे, असे संपादक मंडळींनी मला सुचवले. मथळा भारदस्त आहे, पण तो मला पेलवणार नाही. मला एवढेच सांगायचे आहे की कळमनुरीत दोन शाळांची एक शाळा कशी झाली. त्यांचे कार्य काय ते त्यात आले, आणि व्यक्तिमत्त्वही त्यातच आले.

तो निजामी अमलाचा काळ होता. महायुद्ध सुरू झाले होते आणि घासलेटाची मारामार होती. गावात सरकारी शाळा होती ती मुलांची. मुलींच्या या दोन्ही शाळा खाजगी, गावकऱ्यांनी चालवलेल्या. आमच्या शाळेचा कारभार वकीलसाहेब पाहत, पलीकडचा हाजीसाहेब. वकीलसाहेब कोर्टात कमी आणि ओसरीवर जास्त बोलत. हाजीसाहेबांचा लाकडाचा व्यापार होता आणि त्यांचा शब्द त्या आळीत कोणी खाली पडू देत नसे. दोघेही सज्जन, दोघेही मानी. दोन्ही शाळांत वर्ग पाचवीपर्यंतच. सहावी काढायला सरकारी मंजुरी लागे आणि मंजुरीला पुरेशा मुली लागत. पाचवीच्या पुढे टिकणाऱ्या मुली आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पलीकडेही तेवढ्याच. मुलींच्या शाळा तपासायला हैदराबादेहून एक बाई येत. त्यांना सगळे इन्स्पेक्टरीणबाई म्हणत. त्यांनी दोन्हीकडे स्वच्छ सांगून ठेवले होते की दोघांना वेगवेगळी सहावी मिळणार नाही, एक व्हा, मग बघू.

या सहावीवर माझे काय अडले होते तेही सांगते. माझे वडील आडतीवर मापारी होते. स्वभावाने मऊ, पण एकदा बोलले की बोलले. पाचवीचे वर्ष संपत आले तसे त्यांनी मला समोर बसवून सांगितले, "सहावी निघाली तर शीक. न्हाई निघाली तर हट्ट्याचं स्थळ आलंय, ते पाहू." हट्टा गाव काही वाईट नाही. पण मला तिथे जायचे नव्हते. मला पुढच्या पुस्तकात काय आहे ते पाहायचे होते. ही इच्छा त्या काळी घरात बोलून दाखवण्यासारखी नव्हती, म्हणून मी ती कोणाला बोलले नव्हते.

आमच्या शाळेच्या राधाबाई नांदेडहून आलेल्या, शिक्षिकेचे ट्रेनिंग झालेल्या, लहानपणीच नवरा गेलेल्या. उस्तानीमाँ पडद्यातल्या. त्या थोरल्या भावाच्या घरी राहत आणि त्या घरातून शाळेपर्यंत परसातून वाट होती, त्यामुळे रस्त्याशी त्यांचा संबंधच येत नसे. नात्यातल्या लग्नाला जायचे तर दाराशी पडदा लावलेली दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, उभी राहायची. मग या दोघींनी बोलायचे कसे? भिंतीवरून. शाळा सुटल्यावर उस्तानीमाँ पलीकडे उखळावर उभ्या राहत आणि इकडे बाई रिकाम्या डब्यावर. हल्ली मी वर्तमानपत्रात वाचते, दोन शेजारची विद्यापीठे एक करायची म्हणून समित्या नेमतात, समित्यांच्या उपसमित्या होतात, जाडजूड अहवाल निघतात. वाचून मला हसू येते. आमचे सगळे नियोजन एका उखळावर आणि एका डब्यावर झाले. डबा मधूनच डुगडुगायचा आणि बाई बोलता बोलता अचानक दिसेनाशा व्हायच्या.

पण ते नियोजन वरवरचे नव्हते. दार भिंतीत कुठे पाडायचे, यावरच त्यांचा बराच काळ गेला. दार असे हवे की गोदामाच्या रस्त्याकडच्या दरवाजातून पलीकडचे काही दिसू नये. ते कोपऱ्यात सरकवले तर तिथे आमची पाण्याची घागर. घागर हलवायची म्हटले की आमच्या आया विचारणार, पाणी कोणाच्या हाताचे? उस्तानीमाँनी यात एकदाही कोणाच्या समजुतीला नावे ठेवली नाहीत. त्या म्हणाल्या, "दोन घागरी राहू द्या बाई. आज पोरी एका सतरंजीवर बसू देत. घागरीचं पोरींचं पोरी बघतील." आणि बघितलेच. दार झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात कोणती घागर कोणाची, हे आमच्या ध्यानात राहिनासे झाले. घरी मात्र आम्ही कोणी बोललो नाही.

याच सुमारास जवळच्या लमाण तांड्यावरची, मामाच्या गावी चौथीपर्यंत शिकलेली चंदरी नावाची मुलगी तिच्या बापाने आणून सोडली. हिला कोणत्या शाळेत घालायचे, यावर दोन्हीकडच्या पंचांत खल सुरू झाला. मराठी शाळेतली मंडळी म्हणत, ही बोलते ती मराठी नव्हे. उर्दू शाळेतली म्हणत, ही आमच्यातली नव्हे. चंदरी बिचारी दोन दिवस उंबऱ्यावर बसून होती. उस्तानीमाँनी निरोप पाठवला की जी शाळा अजून व्हायची आहे, त्या शाळेत हिचे नाव घाला. तशी आमच्या एकत्र शाळेची पहिली विद्यार्थिनी चंदरी ठरली. पंचांना यात आपली फजिती झाल्याचे कळले असावे, कारण तो खल तिथेच थांबला.

आमच्या आयांचे मन वळवायला उस्तानीमाँनी कधी भाषण केले नाही. आमच्या भागात वऱ्हाडासारखी भुलाबाई बसते. गाणी म्हणून झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. त्या वर्षी शाळेत भुलाबाई बसवली तेव्हा भिंतीवरून एक डबा आला. डबा हलवला की खडखड वाजे. आम्ही लाडू म्हटले, करंजी म्हटले, शेंगदाणे म्हटले. आमच्या आया जरा मागे सरकून बसल्या होत्या, कारण डबा कोणाच्या घरचा ते त्यांना ठाऊक होते. उघडला तर आत खारका. शिजवलेले काही नाही, पाणी लागलेले काही नाही. आमच्या घरचा विटाळ, सोवळेओवळे या बाईंनी भिंतीपलीकडून किती ध्यानात घेतले असेल! सगळ्यांत आधी माझ्या आईने हात पुढे केला. घरी येताना म्हणाली, "लई जपनारी बाई हाय गं." माझ्या आईकडून कोणाची स्तुती होणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

अखेर भिंतीत दार पडले. वरच्या वर्गाच्या मुली एकत्र बसू लागल्या. मला शेजारी मेहरू मिळाली, तिची माझी गट्टी जमली. मी तिला निमकी शिकवली, तिने मला उर्दू अक्षरे. सगळे जुळत आले आणि घोडे अडले ते सुटीच्या वारावर. पलीकडची सुटी शुक्रवारची. आमची सुटी आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी निम्म्या मुलींना आईबरोबर दुकान मांडून बसावे लागे. एक शाळा म्हणजे सुटीचा वार एक हवा. दोन्हीकडच्या मंडळींची बैठक झाली तेव्हा हाजीसाहेब म्हणाले, "जुम्मा मैं कैसा छोडूं?" वकीलसाहेब म्हणाले, "बाजार सोडला तर शाळेत येनार कोन?" दोघांनीही एकमेकांना पान दिले, अत्तर लावले आणि दोघे आपापल्या घरी गेले. तडजोड काही झाली नाही.

मग दोघी बायकांनी आपापल्या बाजूला गळ घालायला सुरुवात केली. उस्तानीमाँनी हाजीसाहेबांच्या घरातल्या बायकांकडून त्यांच्या कानावर घातले की पोरी काही मशिदीत जात नाहीत, शाळा दुपारी सोडली की झाले. राधाबाईंनी वकीलसाहेबांना समजावले की बाजार खरा भरतो तो उन्हे कलल्यावर, तोवर पोरी वाचतील. दोघीही चिकाटीच्या. दोघींनाही यश आले, आणि तेही एकाच गुरुवारी संध्याकाळी. हाजीसाहेबांनी ठरवले, आपण शुक्रवार सोडायचा. वकीलसाहेबांनी ठरवले, आपण बाजाराची सुटी सोडून शुक्रवार घ्यायचा. इतके करून गप्प बसले असते तर ते कळमनुरीचे प्रतिष्ठित कसले? आपले औदार्य इन्स्पेक्टरीणबाईंच्या समोर जाहीर करायचे, तोवर पलीकडे कळू द्यायचे नाही, अशी दोघांनीही आपापल्या बाईंना ताकीद दिली. त्याच रात्री हाजीसाहेबांच्या आळीत निरोप फिरला की उद्या पोरींनी शाळेत जायचे. आमच्या आळीत निरोप फिरला की उद्या सुटी.

इन्स्पेक्टरीणबाई या आठवड्यात येणार, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. त्या नेमक्या शुक्रवारी सकाळी आल्या.

पुढचे मला मेहरूने नंतर सांगितले. इन्स्पेक्टरीणबाई गोदामात आल्या तर सतरंजीवर फक्त मुसलमान मुली आणि एकटी चंदरी. मराठी मुली नाहीत, राधाबाईही नाहीत. बाईंनी भिंतीतले नवे दार पाहिले आणि म्हणाल्या, "दरवाजा तो है, मदरसा एक नहीं हुआ." शाळेला तेव्हा उर्दूत मदरसाच म्हणत. दुपारच्या मोटारीने त्या हिंगोलीकडे निघणार होत्या. सहावीचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने मिटला होता. काय घोटाळा झाला असेल, ते उस्तानीमाँच्या क्षणात ध्यानात आले. त्यांनी बाईंना चहासाठी थांबवून घेतले, मेहरूला सांगितले, "चहा हळू कर," बुरखा घेतला आणि गोदामाच्या रस्त्याकडच्या दरवाजातून बाहेर पडल्या.

ही गोष्ट आजच्या वाचकांना साधी वाटेल. तेव्हा ती साधी नव्हती. ज्या बाईंनी दमणीशिवाय कधी रस्ता पाहिला नव्हता, त्या भर सकाळी, पायी, आमच्या आळीतून घरोघर निघाल्या. कोणते घर कोणत्या मुलीचे हेही त्यांना ठाऊक नव्हते. बरोबर चंदरी होती, ती दारे दाखवत होती. ओट्यावरची माणसे उठून उभी राहिली, कोणी पाठ फिरवून उभे राहिले, कोणी नुसते बघत राहिले. यापायी त्यांचे थोरले भाऊ पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ते दुःख त्यांनी कसे काढले, हे त्या कधी सांगत नाहीत.

त्या आमच्या दाराशी आल्या तेव्हा आमच्या घरी वेगळीच गडबड होती. हट्ट्याचे पाहुणे आडतीच्या कामाने गावात आलेच होते; सहावीचे काही नक्की नव्हते आणि शुक्रवारची सुटी मिळाली, म्हणून वडिलांनी त्यांना त्याच दिवशी मला बघायला बोलावले होते. मला हिरवे लुगडे नेसवून आत बसवले होते आणि आई पोह्यांच्या तयारीत होती. बाहेरून तो जाडसर आवाज आला आणि मी ताडकन उठले. भिंतीशिवाय तो आवाज मी प्रथमच ऐकत होते.

"बेटा, काहून बसलीस घरी? मदरश्यात तपासणी आली."

वडील अवघडून पुढे झाले. "उस्तानीमाँ, आज पाव्हने येऊन राहिले. पोरीला बघायचं हाय."

"हौ, बराबर. पाव्हन्यांना बसवा, पानी द्या," उस्तानीमाँ म्हणाल्या. "आनि सांगा, पोरगी शाळेत हाय. शाळेत चलून बघा म्हनावं."

वडिलांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. परक्या घरची, पडद्यातली बाई भर रस्त्यातून आपल्या दारी आली आहे आणि ती काही अवघड मागत नाही, एवढेच त्यांना समजले असावे. आईने मात्र चुलीपासूनच हाक दिली, "जाऊ द्या तिला. पोहे निवले तर निवले." मी हिरव्या लुगड्यातच पळत सुटले. आळीतल्या सगळ्या मुली गोळा करून उस्तानीमाँ परतल्या तेव्हा वाटेत राधाबाईही येऊन मिळाल्या. त्यांनाही तोवर उमगले होते. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या की रडल्या, मला कळले नाही, कारण एकीच्या तोंडावर बुरखा होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा इन्स्पेक्टरीणबाईंचा चहा संपत आला होता. मेहरूने तो खरोखरच फार हळू केला होता. वार्ता लागून वकीलसाहेब आणि हाजीसाहेबही धावत आले. वकीलसाहेब म्हणाले, "आमी तर शुक्रवार यांच्यासाठी घेतला." हाजीसाहेब म्हणाले, "हमने तो जुम्मा इनकेच वास्ते छोडा." आणि मग बैठकीत ज्या हट्टाने भांडले होते त्याच हट्टाने ते उलटे भांडू लागले. शुक्रवार तुमचाच राहू द्या, नाही साहेब, बाजार तुमचाच राहू द्या. दोघांपैकी एकालाही माघार घेता येईना. इन्स्पेक्टरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग त्या मोठ्याने हसल्या. शेवटी त्यांनीच शुक्रवारी अर्धी आणि बाजाराच्या दिवशी अर्धी सुटी लावून दिली. आमच्या शाळेत हा प्रघात पुढे बरीच वर्षे चालला.

मग त्यांनी मुली तपासायला घेतल्या. हिरव्या लुगड्यामुळे मीच आधी नजरेत भरले. मला उर्दू पुस्तक दिले, मेहरूला मराठी. मी वाचले, मेहरूने वाचले, मग दोघींनी पुस्तके बदलून वाचली. गोदामाच्या दाराशी माझे वडील हट्ट्याच्या पाहुण्यांना घेऊन उभे होते. मुलाचे वडील कान देऊन ऐकत होते. माझे वाचन संपले तसे ते वडिलांना म्हणाले, "पोरगी गुनाची हाय, पन आमच्या घरात सरकारी उर्दू कागद वाचनारं कोनी न्हाई. ही वाचून आमालाच सांगत बसंल. हे आमाला न्हाई झेपायचं." आणि ते सरळ निघून गेले. पोहेसुद्धा खाल्ले नाहीत.

वडील खट्टू झाले, नाही कशाला म्हणू? दाराआडच्या उस्तानीमाँना ते म्हणाले, "आता सहावी मिळाली न्हाई तर ही पोरगी तुमच्या गळ्यात." उस्तानीमाँ म्हणाल्या, "चालंल. माझ्या एका बाजूला मेहरू हाय, दुसरी रिकामीच हाय."

सहावी मिळाली, पण अट घालून. एका शाळेला मुख्याध्यापिका एकच, आणि ती सातवीची सरकारी परीक्षा पास झालेली हवी. उस्तानीमाँ वडिलांकडे घरी शिकलेल्या. फारसी, हिशेब, शिवण, सगळे येत होते, पण परीक्षा एकही दिलेली नव्हती. आपली शाळा त्यांनी एकटीने उभी केली होती. इन्स्पेक्टरीणबाईंचे वाक्य पुरे व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "मुख्य राधाबाई." राधाबाई नाही नाही म्हणू लागल्या तर त्यांना म्हणाल्या, "बहस नक्को. पोरी खोळंबल्या." पुढे खूप वर्षांनी राधाबाईंनी मला सांगितले की ही अट उस्तानीमाँना पहिल्यापासून ठाऊक होती. दोन शाळा एक झाल्या की आपली जागा जाणार, हे पुरते समजून त्या रोज उखळावर चढत होत्या. राधाबाई हे सांगताना रडल्या आणि मलाही रडू आवरले नाही.

सहावी सुरू झाली त्या सकाळी आम्ही नव्या पुस्तकांचे वास घेत बसलो होतो. उस्तानीमाँ दारातून आल्या आणि आमच्या पुढे उभ्या राहण्याऐवजी मेहरूच्या आणि माझ्या मध्ये सतरंजीवर बसल्या. आम्ही चपापून उठायला लागलो तर दटावले, "बसा गं. मलाबी सहावी शिकायची." आणि त्या शिकल्या. राधाबाईंनी प्रश्न विचारला की बोट वर करत. उत्तर चुकले तर आमच्यासारख्याच जीभ चावत. उर्दूचा तास आला की उठून पुढे जात, आम्हाला शिकवत, आणि तास संपला की परत आपल्या जागी येऊन बसत. त्रैराशिक त्यांना काही केल्या बसत नव्हते. ते मी शिकवले. मी रागावत असे, कारण माझा स्वभाव तापट आहे. त्या निमूटपणे पुन्हा उदाहरण मांडत. मोठेपण म्हणजे काय, असा प्रश्न मला पुढे कधी पडलाच नाही, ते मी शेजारी बसून पाहिले होते.

पुढच्या वर्षी सातवीही मिळाली. तिच्या परीक्षेला आम्ही मोटारीने नांदेडला गेलो. तिथल्या कारकुनाने उस्तानीमाँना दाराशी अडवले आणि म्हणाला, मुलींबरोबर आलेल्या बायांनी बाहेर थांबावे. त्या म्हणाल्या, "मी बरोबर आलेली न्हाई बाबा, मी त्यांच्यातलीच." कारकून गोंधळून बाजूला झाला. निकाल लागला तेव्हा त्या पास झाल्या होत्या, मराठीसकट. चंदरी गणितात राहिली आणि पुढच्या वर्षी निघाली. मेहरू माझ्यापेक्षा वर आली, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

त्यानंतर अठ्ठेचाळीस साल आले. ते आमच्या भागात कोणालाच सुखाचे गेले नाही. आधी आमच्या आळीची माणसे रात्ररात्र जागली, मग त्यांच्या आळीची. शाळा बंद पडली. मेहरूचे घर हैदराबादेला गेले, उस्तानीमाँचे भाऊही गेले. त्यांनी बहिणीला परोपरीने सांगितले, पण त्या राहिल्या. शाळा पुन्हा उघडली तेव्हा मी तिथे नव्यानेच शिकवू लागले होते. नव्या राजवटीचा एक अधिकारी आला आणि कागद काढून विचारू लागला, "यातल्या उर्दू शाळेच्या बाई कोणत्या? त्या शाळेचा निराळा विचार व्हायचा आहे." उस्तानीमाँ खाली मान घालून बसल्या होत्या. राधाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, इथं उर्दू शाळा न्हाई अन् मराठी शाळाबी न्हाई. इथं एकच शाळा हाय. या आमच्या जैनबबी, मराठीसकट सातवी पास. यांना काढायचं तर शाळा मोडावी लागंल." अधिकाऱ्याने कागद मिटला. त्या दिवशी मला कळले की दोन शाळा खऱ्या अर्थाने एक झाल्या.

राधाबाईंच्या मागे उस्तानीमाँ मुख्याध्यापिका झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत राहिल्या. त्यांच्या काळात शाळेला पक्की इमारत झाली, वर्ग वाढले. साखऱ्यासारख्या लांबच्या गावांहून मुली येऊन त्यांच्या घरी राहून शिकल्या. त्या मुलींच्या जेवणाखाण्याचे त्या कसे जमवत, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. माझे लग्न पुढे माझ्या पसंतीने झाले. त्या लग्नात त्यांनी मला हिरवे लुगडे दिले आणि कानात म्हणाल्या, "या टायमाला पळून येऊ नको."

आता राधाबाई नाहीत. चंदरी मागच्या साली गेली. मेहरूचे पत्र यायचे थांबले त्यालाही बराच काळ झाला. त्या पहिल्या सहावीतल्या उस्तानीमाँ आणि मी, अशा दोघीच आता कळमनुरीत उरलो आहोत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि माझे उच्चार चुकले की त्या अजून दुरुस्त करतात.

उस्तानीमाँ, सत्काराच्या सभेत सगळे तुम्हाला शंभर वर्षांचे आयुष्य मागतील. मागू देत. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळ्यांतला उजेड टिको, रात्री शांत झोप लागो, अशी मीही मनोमन प्रार्थना करते. पण माझ्या मागण्यात थोडा स्वार्थ आहे, तो इथे कबूल करते. तुमच्या विद्यार्थिनी गावोगाव आहेत, त्यांना तुमच्या आठवणी पुरतील. माझे तसे नाही. माझ्या वर्गातली दुसरी कोणी आता राहिलेली नाही. म्हणून सांगते, तब्येतीला जपा आणि पुष्कळ जगा. एकटीने वर्गात बसायचे माझ्या जिवावर येईल.